चार रंगांच्या टाक्यांची रजई

मित्रांनो, माझं वजन पावशेर आहे आणि वय साठीच्या पुढे. एवढ्याशा वजनात म्हातारपण मावतं कसं, असं विचारू नका, मावतं. मी जयपूरची रजई. सध्या मुक्काम रमाताईंच्या कपाटात, वरून दुसऱ्या फळीवर. शेजारी एक पॉलिएस्टरचं ब्लँकेट आहे. ते स्वतःबद्दल फार बोलतं. आज मात्र मी बोलणार आहे.

माझा जन्म १९५७ सालचा, चारदीवारीतल्या, म्हणजे तटाच्या आतल्या जुन्या शहरातल्या, एका अरुंद गल्लीतला. देवरामजी नावाचे कारागीर मला घडवायला बसले तेव्हा त्यांच्यापुढे शेरभर कापूस होता. तो त्यांनी आठवडाभर पिंजला, पुन्हा पिंजला, आणि शेवटी पावशेर उरवला. एका गिऱ्हाइकाने विचारलं, "बाकीचा तीन पाव कुठे गेला?" देवरामजी अदबीने म्हणाले, "हुकुम, वो तो कचरा था. गरमी सारी इसी में है." मग सांगानेरच्या ठशांची मलमल आली, पांढऱ्यावर डाळिंबी बुट्टे, आणि देवरामजींच्या बायकोने मला इतके बारीक टाके घातले की मोजता मोजता मी दमले. मोजायची मला पहिल्यापासून हौस. रजईला दोनच जागा असतात: अंगावर नाहीतर घडीत. म्हणून माझ्या मनातल्या वहीलाही दोनच रकाने. किती दिवस अंगावर, किती दिवस घडीत. माणसाबद्दल एवढ्यावरून बरंच कळतं, बरं का.

त्या थंडीत मला घेऊन गेले नंदकिशोर खटावकर. विम्याच्या कचेरीतले अधिकारी, मूळचे साताऱ्याकडचे, बदलीवर जयपुरात आलेले. त्यांची पत्नी विजयमालाबाई यांनी मला दोन बोटांत धरलं आणि नाक मुरडलं.

"अहो, ही रजई आहे की ओढणी? आमच्याकडे गोधडी उचलायला दोन माणसं लागतात."

"एक रात्र घेऊन तर बघ."

सकाळी बाईंच्या कपाळावर घाम होता. त्या दिवसापासून माझी घडी त्या स्वतः घालू लागल्या. कौतुक असंच असतं मित्रांनो, शब्दांत कमी आणि घडीत जास्त.

घर म्हणजे मांगीलालजींच्या हवेलीचा वरचा मजला. खाली मांगीलालजी आणि त्यांची गुलाबबाई. वर नंदकिशोरराव, विजयमालाबाई आणि तीन वर्षांची रमा. नंदकिशोररावांचा स्वभाव शांत, अक्षर मोत्यासारखं, रात्री दहाला झोप आणि सहाला जाग. माझ्या वहीत पहिलं वर्षभर एकही खाडाखोड नाही.

मग आली १९५८ची दिवाळी.

आपल्याकडे दिवाळीला अंगणात मातीचा किल्ला करतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. जयपूरला हे ठाऊक नव्हतं. तिथे डोंगरावर खरेखुरे किल्ले आहेत. मातीचे कशाला करतील? रमासाठी छोटासा किल्ला करायचा म्हणून नंदकिशोररावांनी मांगीलालजींच्या बैठकीवरच्या गच्चीवर दोन घमेली माती आणली. दुसऱ्या दिवशी हातगाडी आणली. चौथ्या दिवशी गल्लीतली एकवीस मुलं ओळीने माती वाहत होती आणि नंदकिशोरराव मधोमध उभे राहून हिंदीत, मराठीत, मधूनच इंग्रजीत सेनापतीसारखे हुकूम सोडत होते. बुरूज, तटबंदी, तोफा, पाण्याचं टाकं. एक वाक्य पुरं व्हायच्या आत दुसरं सुरू. मी आठ दिवस घडीतच. ते झोपायचे दोन-अडीच तास, तेही भिंतीला टेकून, आणि उठायचे ते ताजेतवाने!

सगळी गल्ली बघायला आली. गुलाबबाई म्हणाली, "बाईसा, आपके साब में तो बिजली भरी है!" विजयमालाबाईंचा चेहरा अभिमानाने फुलला. किल्ला कंबरेइतका उंच झाला. मग मांगीलालजींच्या बैठकीत छतातून पाणी गळू लागलं, आणि तेही नेमकं पाहुण्यांच्या पगडीवर. मांगीलालजींनी वर येऊन हात जोडले, "खटावकरजी, अब बस."

नंदकिशोररावांनी हातातली बादली भिंतीवर आपटली. "तुम्हाला काय कळतं यातलं!" ते ओरडले, इतके की रमा आईच्या पदराआड गेली. तो आवाज त्या घरात पूर्वी कुणी ऐकला नव्हता. टाळ्या वाजवायला एकवीस मुलं आणि सात शेजारणी होत्या. हा आवाज ऐकायला मांगीलालजींखेरीज घरातल्या दोघीच होत्या. मी नोंद केली.

डिसेंबर सरता सरता सगळं उलटं झालं. नंदकिशोरराव माझ्याखाली शिरले ते बाहेर येईनात. दाढी वाढली. ताट तसंच परत जाई. रमाने चित्र दाखवलं तर बघत, पण डोळे चित्रापर्यंत पोचत नसत. "माझ्यामुळे तुम्हाला सगळ्यांना त्रास," एवढंच हळू म्हणत, एकेक शब्द विहिरीतून ओढून काढल्यासारखा. त्या माणसाच्या अंगात आळस नव्हता मित्रांनो. मी अगदी अंगावर होते, मला कळत होतं. आळशी माणूस सुखाने लोळतो. हे सुखाने लोळणं नव्हतं.

आणि त्यांची बोटं. ती सारखी माझ्या काठाशी चाळा करत. एक टाका निघे, मग दुसरा. आठवड्याभरात वीतभर शिवण उसवली आणि कापूस डोकावायला लागला.

विजयमालाबाईंनी मला शिवणाच्या मशीनजवळ नेलं. मशीनला काळा दोरा ओवलेला होता, कारण संक्रांतीसाठी रमाचा काळा परकर शिवणं चाललं होतं. "दोरा कोण बदलत बसतंय," असं पुटपुटून बाईंनी तो उसवलेला काठ काळ्या दोऱ्याने शिवला. पांढऱ्या मलमलीवर काळे टाके! माझ्या रूपाचं काय झालं असेल, विचार करा. मी आठवडाभर रुसले होते. कुणाच्या लक्षात आलं नाही, ही गोष्ट वेगळी.

फाल्गुनात नंदकिशोरराव आपोआप उठले, दाढी केली, कचेरीत गेले. विजयमालाबाईंनी देवापुढे साखर ठेवली. "गेलं एकदाचं आजारपण!"

इथे, मित्रांनो, त्या घराची मोठी चूक झाली. पडून राहणं हे आजारपण, हे सगळ्यांना कळलं. पण त्याच्याआधीचा तो किल्ला, ती बिजली? तिला सगळे तब्येत सुधारली म्हणत.

पुढची सहा-सात वर्षं मी मोजत राहिले. १९६०च्या वसंतात त्यांनी गल्लीतल्या मारवाडी मुलांना मराठी शिकवायचा वर्ग काढला, रोज तीनदा. मुलं "आई, मला भूक लागली" असं म्हणत घरोघर फिरू लागली आणि त्यांच्या आया घाबरल्या. जूनच्या उकाड्यात, जिथे माणसं ओल्या फरशीवर झोपतात तिथे, नंदकिशोरराव माझ्याखाली! पुन्हा काठ उसवला. मशीनवर निळा दोरा होता, रमाच्या शाळेच्या गणवेशाचा. १९६२च्या गणपतीत त्यांनी जोहरी बाजारातल्या तीस दुकानदारांना लेझीम खेळायला लावलं. शेठजी मंडळी धोतर सावरत चौथ्या तालावर उडी मारत होती, ते दृश्य पाहायला स्वतः गणपतीही जरा थांबला असेल. नोव्हेंबरात खाकी दोरा. तेव्हा लढाई चालू होती आणि बाई जवानांसाठी पिशव्या शिवत होत्या. १९६५च्या संक्रांतीला तर कहरच. जयपुरात त्या दिवशी आभाळ पतंगांनी भरतं. नंदकिशोररावांनी पतंगांना तिळगुळाच्या पुड्या बांधल्या आणि गच्चीगच्चीवर पाठवल्या. पतंग काटले गेले, पुड्या खाली आल्या. एका हवालदाराच्या डोक्यावर तिळगूळ पडला आणि त्याने वर बघून चक्क गोड हसून दाखवलं. तीन आठवड्यांनी पिवळा दोरा: वसंतपंचमीला शाळेत नाचायची रमाची ओढणी.

प्रत्येक वेळी आधी टाळ्या, मग अंधार. पण दोन्हींच्या मधे काही महिने जात कधी, काही आठवडे. त्यामुळे दोन्हींची गाठ कुणी बांधली नाही. मी बांधली होती. रजईला विचारतो कोण?

१९६६च्या शरदात प्रकरण हाताबाहेर गेलं. नंदकिशोररावांनी साहेबांना बावीस पानी पत्र लिहिलं: भारतातला विमा कसा चालवावा. साहेबांनी ते वाचायला वेळ मागितला, तेव्हा त्यांनी साहेबांच्या टेबलावर मूठ आपटली. डिसेंबरात ते माझ्याखाली, आणि कचेरीचं पत्र घरात: डॉक्टरचा दाखला द्या, नाहीतर राजीनामा.

साताऱ्याहून थोरले बंधू नागनाथ आले. धिप्पाड माणूस, मिशा अशा की त्यांना वेगळं तिकीट लागावं. आल्या आल्या त्यांनी खिशातून परतीची तिकिटं काढून मेजावर ठेवली. दोन.

"नंद्याला मी गावी नेतो. झाली नोकरी. डोकं फिरलंय त्याचं, नाहीतर अंगात आळस भरलाय. दोन्हीला औषध एकच, शेतात राबणं."

विजयमालाबाई थोरल्या दिरांपुढे कधी वर मान करून बोलल्या नव्हत्या. त्या दिवशी बोलल्या.

"दादा, ही रजई बघा. हिचा कापूस दबला तर तिला कुणी आळशी म्हणत नाही. पिंजणाऱ्याकडे नेतात. यांना मी डॉक्टरकडे नेणार. तुम्हाला यायचं तर चला."

नागनाथरावांनी मिशीवरून हात फिरवला. "बरं. पण तिकिटं परवाची आहेत."

सकाळी टांगा आला. नंदकिशोरराव मला सोडेनात, म्हणून मीही टांग्यात. रमाही आली, कारण आईचं हिंदी अडखळत चाले आणि बारा वर्षांची रमा जयपूरच्या पोरींसारखी फाडफाड बोले. डॉक्टर माथुर पन्नाशीचे, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. ते हिंदीत बोलत; मी तुम्हाला मराठीत सांगते.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"तसे ते नेहमी थकतातच," विजयमालाबाई म्हणाल्या.

"लहानपणापासून आळशी," नागनाथराव म्हणाले.

"तारखा सांगा, तारखा."

कुणाला एकही सांगता येईना. डॉक्टर कंटाळून कागदावर रेघोट्या मारू लागले. मग त्यांची नजर माझ्या काठावर गेली. काळा, निळा, खाकी, पिवळा, आणि शेवटी ताजं उसवलेलं, कापूस बाहेर आलेलं.

"हे काय?"

विजयमालाबाई लाजून चूर झाल्या. "शिवण चांगली नाही माझी. ते पडून असतात तेव्हा दोरे उपसतात. मशीनवर असेल त्या दोऱ्याने मी—"

"काळा कधीचा?"

"संक्रांतीचा. रमाचा परकर... ती चार वर्षांची होती. एकोणसाठ साल."

डॉक्टरांनी चष्मा वर सरकवला. "मुली, पेन्सिल घे. लिही." रमाने लिहिलं. निळा, गणवेश, जून साठ. खाकी, लढाई. पिवळा, वसंतपंचमी. आठ वर्षांत कुणी न ठेवलेली नोंद माझ्या अंगावर शिवलेली होती. माझा रुसवा तिथल्या तिथे गेला.

"आता सांगा," डॉक्टर म्हणाले, "या प्रत्येकाच्या आधी काय चाललं होतं?"

"किल्ला!" रमा ओरडली. आणि मग मायलेकी सुटल्याच. लेझीम, पतंग, "मला भूक लागली," हवालदाराच्या डोक्यावरचा तिळगूळ. विजयमालाबाई पदराने डोळे पुसत हसत होत्या. नागनाथरावांच्या मिशाही हलल्या. त्यांच्या वाट्याला इतका आनंद त्या महिन्यात पहिल्यांदाच आला होता.

डॉक्टर हसले नाहीत. "त्या दिवसांत हे झोपायचे किती?"

"झोपतंय कोण!" विजयमालाबाई हसत म्हणाल्या. आणि त्यांचं हसू ओठांवरच थांबलं.

"दोन तास," त्या हळूच म्हणाल्या. "कधी एक. आणि दमायचे नाहीत. बोलायचे भराभर. कुणी अडवलं की भांडायचे. आम्हाला वाटायचं, आता तब्येत छान आहे."

"सगळ्यांनाच तसं वाटतं," डॉक्टर म्हणाले. "पण हे दोन वेगळे स्वभाव नाहीत, बाई. एकाच आजाराची ही दोन टोकं आहेत. एकदा मन फार वर चढतं: झोप नको, बोलणं थांबेना, मोठमोठे बेत, बारीकसारीक गोष्टीवर संताप. मग ते फार खाली उतरतं: कशात गोडी नाही, भूक नाही, उगाच अपराधी वाटतं, उठवत नाही. मधल्या काळात माणूस अगदी ठीक असतो. म्हणून तर ओळखू येत नाही. यात आळस नाही, वेड नाही आणि कुणाची नजरही नाही."

त्या आजाराला आज बायपोलर डिसऑर्डर म्हणतात, मराठीत द्विध्रुवी विकार. आणि हो, सगळ्यांचा चढ-उतार सारखा नसतो. कुणाचा लांब, कुणाचा थोडका. ते ठरवायचं डॉक्टरांनी, रजईने नाही.

"घराण्यात आणखी कुणाला होतं का असं?" डॉक्टरांनी विचारलं.

"आमच्यात? छे!" नागनाथराव म्हणाले. आणि मग ते खुर्चीच्या अगदी काठावर आले.

"आबा," ते म्हणाले. "आमचे वडील. वर्षाआड दोन-तीन महिने गोठ्यामागच्या खोलीत पडून असायचे. पेरणी असो नाहीतर सुगी. आई भाकरी उंबऱ्यात ठेवायची. आम्ही पोरं त्यांना आळशी आबा म्हणायचो. तोंडावर म्हणायचो. आणि एका उन्हाळ्यात उठले ते एकट्याने विहीर खणायला लागले. कातळात. झोप नाही, काही नाही. सगळा गाव बघायला."

"पाणी लागलं?"

"लागलं. आजही गाव तेच पाणी पितो." नागनाथरावांनी एवढ्या मोठ्या हाताने तोंड झाकलं. "डॉक्टर, आबांसाठी आता काही करता येईल?"

"कधी गेले?"

"अकरा वर्षं झाली."

"त्यांच्यासाठी काही नाही," डॉक्टर मऊ आवाजात म्हणाले. "यांच्यासाठी पुष्कळ. औषध नेमाने, झोप नेमाने, बरं वाटलं तरी गोळ्या बंद नाहीत, आणि दर महिन्याला मला भेटायचं. हे नोकरी करू शकतील. तसा दाखला मी देतो. जरा वेळ लागेल."

माझ्याखाली हालचाल झाली. नंदकिशोररावांनी माझी कड खाली ओढली आणि तीन आठवड्यांतलं सगळ्यात लांब वाक्य बोलले. "दादा, मला गावी नको. मला ऑफिसात जायचंय."

"मग जा की!" नागनाथराव गरजले. "तुला अडवलंय कुणी?"

विजयमालाबाई तोंडाला पदर लावून हसल्या. अडवणाराच विचारत होता!

परतताना टांग्यात, हवामहालाजवळ नंदकिशोररावांनी विचारलं, "रमा, मग मी खरा कोणता गं? किल्लेवाला, की हा?"

रमाने क्षणभरही विचार केला नाही. "दोन्ही नाही. मतलब, रविवारी माझ्या केसांना तेल लावता आणि भांग दरवेळी वाकडा पाडता ना, ते तुम्ही."

"वाकडा?" नंदकिशोरराव म्हणाले. "इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?"

नागनाथराव इतके मोठ्याने हसले की घोडं दचकलं आणि टांगेवाल्याने त्यांच्याकडे रागाने पाहिलं.

तिकिटांपैकी एक परत झालं, आणि दुसऱ्याची तारीख पंधरा दिवस पुढे गेली. रोज सकाळी थोरले बंधू धाकट्याला रामनिवास बागेत फिरायला नेत. पहिल्या दिवशी फाटकापर्यंत, दुसऱ्या दिवशी पहिल्या बाकापर्यंत. जाताना नागनाथराव विजयमालाबाईंना म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नका. आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं."

वसंतात दाखला कचेरीत गेला आणि पाठोपाठ नंदकिशोरराव. चढ-उतार जादूने नाहीसे झाले नाहीत, मी खोटं सांगणार नाही. दोन वर्षांनी एकदा ते पहाटे तीनला उठून मोदकांचे साचे मांडू लागले. विजयमालाबाईंनी टाळ्या वाजवल्या नाहीत, ओरडल्याही नाहीत. शेजारी बसून विचारलं, "अहो, काल झोप किती?" ते रागावले, साचे आपटले, आणि मग स्वतःच म्हणाले, "टांगा बोलाव." त्या खेपेला उतार लागायच्या आत डॉक्टरांनी त्यांना गाठलं. माझा काठ शाबूत राहिला. पुढे सोळा वर्षं नोकरी करून ते सन्मानाने निवृत्त झाले. माझ्या वहीतली ती पानं इतकी नीरस आहेत, की वाचताना मला आनंदाने झोप येते.

मित्रांनो, ठेवणीतल्या रजईला वर्षातून एकदा ऊन दाखवा, एवढीच माझ्यापुरती विनंती. दुसरी विनंती माणसांसाठी. घरातलं कुणी दिवसेंदिवस पांघरुणात पडून असेल, तर त्याच्या जवळ जाऊन बसा. आणि कुणी झोपेवाचून भिरभिरत असेल, गंमत कितीही असो, तरी टाळ्यांच्या आधी एक प्रश्न विचारा: झोप झाली का? उत्तर आवडलं नाही तर मोठ्या माणसाला सांगा, डॉक्टरकडे न्यायला लावा. विहीर खणणाऱ्या आबांना हा प्रश्न कुणी विचारला नाही. तुमच्या घरी तो विचारला गेला, तर गाव पाणीही पिईल आणि आबाही भाकरी खायला पंगतीत येऊन बसतील.